दोन कार्यालये आणि एक दिंडी

आमच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे संगणकाविषयीच्या पृच्छा बऱ्याच असतात. बहुतेकांचे समाधान दोन ओळींत होते. परंतु गेल्या महिन्यात माळव्यातील एका जुन्या मराठी संस्थेच्या मानद कार्यवाहांनी जी पृच्छा केली, तिला दोन ओळी पुरणार नाहीत. शिवाय तशीच अडचण आपल्यापैकी पुष्कळांच्या संस्थांत आज ना उद्या उभी राहणार. म्हणून तिचा विचार येथेच सविस्तर करतो.

संस्थेची एक शाळा आहे. शाळेशेजारच्या इमारतीत सभासदांची व सेवकांची सहकारी पतसंस्था आहे. माणसे बहुतांशी तीच; परंतु नोंदणी वेगळी, संचालक मंडळ वेगळे, हिशेब वेगळे. दोन्ही कार्यालयांत आठ-दहा संगणक आहेत आणि ते आपापल्या जागी तारांनी जोडलेले आहेत. शिक्षकांच्या पगारातून कर्जाचे हप्ते कापले जातात, त्यांचा तक्ता दरमहा शाळेकडून पतसंस्थेकडे जावा लागतो. तो आजवर पेन ड्राइव्हवर घालून शिपायाच्या हाती जात असे. शिवाय शाळेकडे मोठा प्रिंटर आहे, पतसंस्थेकडे नाही. तंत्रज्ञाने सांगितले, "मधल्या बोळावरून एक केबल टाकून देतो, अर्ध्या तासाचे काम." कार्यवाहांचा प्रश्न एवढाच, की केबल टाकावी काय?

आमचे उत्तर असे, की टाकावी. मात्र तिची दोन टोके कशाला जोडावयाची आणि त्या वाटेने कोणी कोठवर यावयाचे, हे कागदावर ठरल्यावाचून टाकू नये. पतसंस्थेत निवृत्त शिक्षकांच्या ठेवी आहेत, कोणा विधवा सभासद बाईंची आयुष्यभराची पुंजी आहे. शाळेत शेकडो मुलांचे जन्मदिनांक, पत्ते, आधार क्रमांक आहेत. अर्ध्या तासाच्या कामात या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अंगणात येऊन बसतात.

प्रथम अर्ध्या तासाच्या कामात काय होते ते पाहू. कार्यालयातील सर्व संगणकांच्या तारा एका छोट्या पेटीत येऊन मिळतात; तिला स्विच म्हणतात. स्विचचे काम निरोप पोहोचविण्याचे आहे, निरोप कोणाचा व कशासाठी हे विचारण्याचे नाही. दोन कार्यालयांचे दोन स्विच एका केबलने थेट जोडले, की ती दोन कार्यालये उरत नाहीत. मधली भिंत पाडून एकच दालन केल्यासारखे होते. शाळेच्या संगणक-खोलीत बसलेला नववीतला मुलगा पतसंस्थेच्या मुख्य संगणकाच्या दारापर्यंत जाऊन कडी वाजवू शकतो. दार उघडेलच असे नाही. पण कडी वाजविण्याइतके जवळ त्याला येऊ दिले, हेच मुळात कोणी ठरविलेले नसते.

दुसरी अडचण अधिक विनोदी आहे, पण तंत्रज्ञ बिचारा दोन दिवस तीच निस्तरत बसतो. प्रत्येक संगणकास आपल्या जाळ्यात एक अंकी पत्ता असतो. आज सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जगाला ती अपुरी पडणार हे लवकरच कळून चुकले. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याचा दस्तऐवज काढला. हे पत्ते कोणीही, कितीही ठिकाणी, आपल्या घरापुरते वापरावेत. त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारा पट्टा आपल्या घराघरांतील पेट्यांत दिसतो. इंदूरच्या वकिलाच्या कचेरीत, बडोद्याच्या दवाखान्यात आणि बेळगावच्या छापखान्यात या घटकेला १९२.१६८.१.१० याच पत्त्याचा एकेक संगणक सुखाने नांदत असू शकेल. कोणाचे काही बिघडत नाही, कारण तिघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. जोडणी केली की गाठ पडते! एका घरात दोन सुना एकाच नावाच्या आल्या तर एकीचे नाव बदलण्याची रीत आपल्याकडे होती. येथेही एका कार्यालयाने आपला पट्टा बदलणे हाच सरळ उपाय. त्यातून प्रत्येक कार्यालयात पत्ते वाटून देणारी एक पेटी असते. थेट जोडणीत अशा दोन पेट्या एकाच दालनात येतात आणि संगणक सकाळी सुरू होताच जी आधी उत्तर देईल तिचा पत्ता घेतो. मग शाळेतील दोन संगणकांवर इंटरनेट चालते, तिसऱ्यावर चालत नाही, दुपारी उलट होते, आणि सारे जण केबलला दोष देतात.

तेव्हा दोन स्विचांची गाठ परस्पर मारावयाची नाही. मध्ये एक तिसरी वस्तू हवी, जिचा एक पाय शाळेच्या जाळ्यात आणि दुसरा पतसंस्थेच्या जाळ्यात असेल. एका जाळ्यातून दुसऱ्यात निरोप नेणाऱ्या अशा यंत्रास राउटर म्हणतात, आणि नेण्यापूर्वी निरोपाची चौकशी करून नको तो परतविणाऱ्यास फायरवॉल. आता बहुधा दोन्ही कामे एकाच पेटीत असतात. फायरवॉल हा शब्द बांधकामातला आहे. एका खोलीतील आग दुसरीत जाऊ नये म्हणून जी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. संगणकांच्या बाबतीत तिची निकड २ नोव्हेंबर १९८८ रोजी ठळकपणे जाणवली. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक 'किडा' त्या वेळच्या लहानशा इंटरनेटवर पसरला आणि अंदाजे सहा हजार संगणक त्याने जायबंदी केले. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतील जेफ्री मोगल यांनी दोन जाळ्यांमधल्या यंत्राने कोणते निरोप जाऊ द्यावेत व कोणते अडवावेत याची पद्धत लेखाद्वारे मांडली.

आम्हांस मात्र फायरवॉलपेक्षा आपला जुना शब्द अधिक नेमका वाटतो, आणि तो म्हणजे दिंडी. १७३२ मध्ये पुरा झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्या अणकुचीदार खिळ्यांच्या प्रचंड फळीतला लहानसा दरवाजा आठवेल. मोठा दरवाजा रोज कोणी उघडत नसे. रोजची ये-जा दिंडीतून. एका वेळी एक माणूस, तोही वाकून, आणि आत पाऊल टाकताच देवडीवर पहारेकरी. भिंत केवळ अडविते. दिंडी निवडून सोडते. दोन कार्यालयांना हवी असते ती दिंडी.

या दिंडीवरच्या पहारेकऱ्याजवळ एक यादी असते. प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात: निरोप कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या कामासाठी, आणि सोडावयाचा की परतवावयाचा. 'कोणत्या कामासाठी' हे पोर्ट नावाच्या क्रमांकावरून ओळखतात. एकाच संगणकाला निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या खिडक्या असतात, पोस्टात तिकिटांची एक आणि मनिऑर्डरची दुसरी असे तसेच. सुरक्षित संकेतस्थळांची खिडकी ४४३, पुष्कळशा प्रिंटरांची ९१००, विंडोजमधील सामायिक कप्प्यांची ४४५, दुरून दुसऱ्याचा पडदा हाताळण्याची ३३८९. पहारेकरी यादी वरून खाली वाचतो आणि जी ओळ प्रथम लागू पडेल तीप्रमाणे वागून मोकळा होतो. खालच्या ओळी पाहत नाही. म्हणून ओळींचा क्रम चुकला तर यादी बरोबर असूनही पहारा चुकतो. सर्वांत शेवटची ओळ ठरलेली: वर जे लिहिले नाही ते सारे बंद. ही एक ओळ नसेल, तर वरच्या पन्नास ओळींना अर्थ नाही.

आता आमच्या कार्यवाहांची यादी करून पाहू. लेखणी हाती घेतली की प्रथम वाटते, शाळेचा तक्ता पतसंस्थेत जावयाचा आहे, तेव्हा शाळेकडून पतसंस्थेकडे एक वाट उघडावी. येथेच थांबावे. माल कोणत्या दिशेने जातो हा प्रश्न वेगळा आणि हाक कोणी मारावयाची हा वेगळा. आजचे फायरवॉल आतून कोण बोलावयास गेले हे ध्यानात ठेवतात व केवळ त्याचेच उत्तर परत येऊ देतात. १९९४ मध्ये इस्रायलमधील चेक पॉइंट कंपनीने आणलेल्या यंत्रणेपासून ही रीत रूढ झाली. तेव्हा शाळेने तक्ता आपल्याच एका संगणकावरील ठरावीक कप्प्यात ठेवावा आणि पतसंस्थेच्या एका ठरावीक संगणकाने महिन्यातून एकदा येऊन तो घेऊन जावा. छपाईचेही तेच, पतसंस्थेने शाळेच्या प्रिंटरला हाक मारावी. पाहा, दोन्ही कामे भागली आणि शाळेकडून पतसंस्थेकडे जाणारी एकही वाट उघडावी लागली नाही! जेथे जोखीम अधिक, तेथून हाक निघावी, तेथे येऊ नये. पैसे ठेवणाऱ्या घराने बाहेर जाऊन बाजार करावा; फेरीवाल्यास माजघरात बोलावू नये.

यातही दोन बारकावे आहेत. आणलेला तक्ता हा साध्या अक्षर-अंकांचा असावा. ज्या फायलीत आपोआप चालणाऱ्या आज्ञा दडविता येतात, त्या स्वरूपात नसावा. दिंडीतून आत येणाऱ्या पाटीत काय आहे, हे साधी दिंडी पाहत नाही. दुसरे असे, की प्रिंटर हाही एक संगणकच असतो. पुष्कळ मोठ्या प्रिंटरांच्या पोटात छापलेल्या पानांच्या प्रती काही काळ राहतात, आणि ९१०० या खिडकीतून जाणारा मजकूर उघडाच जातो. सभासदांचे ठेव-उतारे शाळेच्या प्रिंटरवर छापावेत की त्यापेक्षा पतसंस्थेने एक लहान प्रिंटर विकत घ्यावा, याचा विचार मंडळाने करावा. आमच्या मते घ्यावा.

इतके सोवळे कशाला, असे कोणी म्हणेल. तर अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीचे उदाहरण बोलके आहे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, तेथील सुमारे ४ कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांचे क्रमांक आणि ७ कोटींपर्यंत लोकांची नावे-पत्ते इत्यादी माहिती चोरीस गेली. चोर आत आले ते तिजोरी फोडून नव्हे. दुकानांतील शीतकपाटांची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराचा परवलीचा शब्द त्यांनी आधी पळविला होता. त्या कंत्राटदाराला टार्गेटच्या जाळ्यात वाट दिलेली होती ती केवळ बिले पाठविणे, कंत्राटांचे कागद देणे-घेणे व कामांची आखणी यांसाठी. बिले घेण्यासाठी उघडलेल्या या वाटेने शिरलेले चोर आतल्या आत फिरत गल्ल्यांवरील कार्ड-यंत्रांपर्यंत पोहोचले. बिले देणाऱ्याच्या वाटेवरून गल्ल्यापर्यंत जाता येऊ नये, एवढी एकच ओळ कोठे तरी पाळली गेली नाही. सूचना देणारी यंत्रणा बोलतही होती, पण तिच्याकडे वेळीच लक्ष गेले नाही. मे २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले आणि २०१७ मध्ये ४७ राज्यांशी केलेल्या तडजोडीत १ कोटी ८५ लाख डॉलर भरावे लागले. त्या कंत्राटदाराने चोरी केली नव्हती. तो स्वतःच लुटला गेलेला होता.

बेल प्रयोगशाळेतील बिल चेसविक यांनी १९९० मध्येच अशा जाळ्यांची तुलना वरून कडक व आतून मऊ खाऊशी केली होती. आपल्याकडे त्यांना करंजी आठवली असती. पापुद्रा एकदा फुटला की आतले सारण सर्वांचे.

सारण किती दूरवर सांडते हे २७ जून २०१७ रोजी दिसले. युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या सुधारित आवृत्तीबरोबर 'नॉटपेट्या' नावाचा घातक कार्यक्रम पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या तेथील कचेरीतही ती हिशेब-प्रणाली होती. तेवढ्या फटीतून कंपनीचे जगभरचे जाळे बसले. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालविला जाणारा धक्का होता. त्याचे काम ठप्प होऊन मालमोटारींच्या रांगा लागल्या. एका मशिनवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी या कार्यक्रमाने जी खिडकी वापरली, तीच वर सांगितलेली ४४५. शिवाय सापडलेले परवलीचे शब्द. म्हणूनच आम्ही तक्त्यासाठी विंडोजचा सामायिक कप्पा दिंडीपलीकडून उघडू नये असे म्हणतो. तंत्रज्ञ प्रथम तेच सुचवील, कारण ते सोपे आहे. मर्स्कला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोस येथे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. सर्व ठिकाणच्या वापरकर्त्यांची नोंदवही ठेवणारे कंपनीचे सर्व्हर जगभर नष्ट झाले. घाना देशातला एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती! वीज गेल्याबद्दल कोणी देवाचे आभार मानल्याचे हे एकच उदाहरण आमच्या ऐकण्यात आहे.

सहकारी क्षेत्रातल्या वाचकांना २०१८ चा ऑगस्ट आठवत असेल. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट या दिवशी सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमकडून येणाऱ्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाण्याऐवजी वाटेतच चोरांनी उभ्या केलेल्या तोतया यंत्रणेकडे वळल्या आणि तिने खात्यात पैसे असोत-नसोत सर्वांना 'द्या' म्हटले. त्या प्रकरणाचे तांत्रिक अंग फार गुंतागुंतीचे असून येथे त्याचा विस्तार नको. आपल्या पतसंस्थेपुरते इतकेच घ्यावे, की दोन यंत्रणांमधली वाट हीच चोराला सर्वांत प्रिय जागा असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये कुडनकुलम येथील अणुवीज केंद्राच्या एका संगणकात घातक कार्यक्रम सापडला. तो संगणक प्रशासकीय कामाच्या व इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यातला होता. अणुभट्टी चालविणारे अंतर्गत जाळे त्यापासून अलग असून त्याला बाधा पोहोचली नाही, असे अणुऊर्जा निगमाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीर केले. इतकी संपूर्ण फारकत शाळेला नको आणि परवडणारही नाही. शिवाय फारकतीनेही सारे भागते असे नाही. २०१० मध्ये उजेडात आलेला स्टक्सनेट इराणच्या नतांझ येथील बाहेरच्या जगापासून तोडलेल्या यंत्रांत शिरला, तो पेन ड्राइव्हसारख्या हातांनी वाहून नेलेल्या साधनांवरून, असे मानले जाते. आमचे कार्यवाह ज्या शिपायाच्या खिशातील पेन ड्राइव्हला आजवर निर्धोक समजत होते, तोही एक दिंडीवाचूनचा दरवाजाच होता.

आता सर्वांत नाजूक भाग. कार्यवाहांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे, की यादी वगैरे गोष्टी काढल्या तर लोक म्हणतील, "आपल्यात कसला हो संशय? सारी आपलीच माणसे." ही भावना आम्ही थट्टेवारी नेत नाही. परमुलखात येऊन पाच-पाच पिढ्या झालेल्या आपल्या मंडळींनी ज्या संस्था उभारल्या, त्या याच विश्वासावर. पावती नसतानाही वर्गणीचा पैसा पोहोचता झाला आहे.

परंतु दिंडीवरची यादी माणसांवर संशय घेत नाही. तिला माणूस दिसतच नाही. तिला यंत्राचा पत्ता दिसतो. शाळेच्या कार्यालयातील बाई कितीही सचोटीच्या असोत, वीजबिलाच्या नावाने आलेली खोटी फाईल त्यांनी एकदा उघडली, की त्यांचा संगणक त्यांचा उरत नाही. तो कोणा दूरच्या लबाडाच्या सांगण्यावरून वागतो. त्या लबाडाला पतसंस्थेची वाट मिळू नये एवढाच यादीचा हेतू. आणि याची दुसरी बाजू आम्हांस अधिक मोलाची वाटते. उद्या पतसंस्थेत काही गैर घडले, तर चौकशीत पहिला प्रश्न येतो तो, तेथवर कोणाकोणाला जाता येत होते हा. एकच दालन असेल, तर उत्तर येते, सर्वांना. मग शाळेच्या बाई, संगणक-शिक्षक, तो शिपाई, सारे वर्षभर संशयाखाली. यादी असेल, तर त्यांच्या संगणकावरून तेथे जाताच येत नव्हते हे कागद दाखवून सिद्ध होते. बंद दार हे बाहेरच्या प्रामाणिक माणसाचे साक्षीदार असते. ज्यांना यादीचा अपमान वाटेल, त्यांना हे शांतपणे समजावून सांगावे; पटते.

म्हणूनच यादी तंत्रज्ञाने करावयाची नाही. ती दोन्ही मंडळांनी एकत्र बसून, मराठीत किंवा हिंदीत, साध्या वाक्यांत लिहावी: पतसंस्थेच्या लेखनिकाच्या संगणकावरून शाळेच्या अमुक संगणकावरील हप्त्यांचा कप्पा उघडावा, बाकी काही नाही. तंत्रज्ञाने तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे. बरेचदा उलट घडते. तंत्रज्ञाला कोणी काही सांगत नाही, छपाई चालेना की फोन येतो, तो वैतागून 'सर्वांना सर्व' अशी एक ओळ यादीच्या डोक्यावर घालतो, छपाई चालते, आणि ती ओळ तशीच राहते. वर सांगितल्याप्रमाणे पहारेकरी वरून वाचतो. खालच्या साऱ्या ओळी त्या क्षणी मेल्या. आमच्याकडे याला जुगाड म्हणतात व त्याचे कौतुकही होते.

तशाच काही चोरवाटा. एखादा हौशी कर्मचारी आपल्या संगणकाला एका बाजूने शाळेची तार आणि दुसऱ्या बाजूने पतसंस्थेचे वायफाय लावून ठेवतो. मग तो संगणकच दिंडीला वळसा घालणारा पूल होऊ शकतो. दुरुस्तीसाठी दुरून पडदा हाताळण्याची सोय दोन दिवसांपुरती म्हणून बसविलेली असते, ती तीन वर्षे चालू राहते. आणि जेथे शाखा दुसऱ्या गावी असते, इंदुरात एक व देवासला दुसरी, तेथे व्हीपीएन नावाचा सांकेतिक लिपीतला बोगदा काढतात. बोगद्यातून जाताना वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही, हे खरे. पण बोगदा कोणाला अडवीत नाही! दोन्ही तोंडांशी दिंडी लागतेच. व्हीपीएन घेतले म्हणजे सुरक्षित झालो, हा समज दुकानदार पसरवितात आणि आपण मान डोलावतो.

खर्चाची बाब लहान आहे. एकाच इमारतीत दोन कार्यालये असतील, तर एकाच स्विचचे दोन अलग स्विच असल्यासारखे भाग पाडता येतात. या व्हीएलएएन पद्धतीचे सर्वमान्य मानक १९९८ मध्ये आले, आणि आता अगदी मध्यम किमतीच्या स्विचांतही ती सोय असते. मात्र भाग पाडणे ही केवळ भिंत झाली. त्या भागांमधली दिंडी राउटरवरच घालावी लागते. शाळेच्या संगणक-खोलीसाठीही असाच तिसरा भाग करावा. मुलांची जिज्ञासा आम्हांस प्रिय आहे, पण ती हिशेबाच्या कपाटापासून एक भिंत दूर असावी.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार कंपन्या-संस्थांनी घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावयाची आहे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. दिंडीतून कोण गेले, कोणाला परतविले, याची नोंद आपोआप राहते, ती पुसू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पतसंस्थेला तेवढा दंड होईल असे नव्हे; पण मुलांची माहिती ही आता केवळ शाळेच्या कपाटातली बाब राहिलेली नाही.

तेव्हा कार्यवाहांनी पुढीलप्रमाणे करावे. दोन मंडळांची एक सभा बोलवावी व यादी ठरवावी. शाळेच्या जाळ्याचा पत्त्यांचा पट्टा बदलून घ्यावा. ते काम सुट्टीत करावे, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत खोळंबा होणार नाही. मग केबल टाकावी, मध्ये राउटर ठेवावा. तो पतसंस्थेच्या कुलूपबंद खोलीत असावा आणि त्याचा परवलीचा शब्द दोन्ही संस्थांच्या एकेका पदाधिकाऱ्याजवळ मोहोरबंद पाकिटात असावा. जोडणी झाल्यावर तंत्रज्ञाला 'चालते' असे दाखवू द्यावेच. पण 'चालत नाही' हेही दाखवावयास लावावे. शाळेच्या तीन निरनिराळ्या संगणकांवरून पतसंस्थेचा मुख्य संगणक उघडण्याचा प्रयत्न सर्वांसमक्ष करावा, आणि एकाही ठिकाणी उत्तर आले तर बिल चुकते करू नये. यादीची एक प्रत इतिवृत्ताच्या वहीत चिकटवावी, तारीख व सह्यांसह. दर वर्षी ३१ मार्चनंतर हिशेब-तपासनीस येतात, त्याच आठवड्यात ती काढून प्रत्येक ओळीपुढे विचारावे, की हे काम अजून चालू आहे काय? नसेल, तर ती ओळ खोडावी आणि खोडणाऱ्याने बाजूला सही करावी.